वह्या विकल्या जातात, पण स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही

वहीवाली (कोथरूड)

नमस्कार मंडळी. इथे मी कायम वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी हाताने वह्या-डायऱ्या बांधते. कागद आणायचा, घड्या घालून फर्मे, म्हणजे एकात एक घातलेल्या पानांचे जुडगे, करायचे, भोकं पाडून शिवायचे, पुठ्ठ्यावर कापड चढवायचं, दाबाखाली ठेवायचं, हे सगळं घरच्या जेवणाच्या टेबलावर. आधी एका कंपनीत पेरोल बघायचे, मुलगा झाल्यावर ते सुटलं आणि हे हळूहळू सुरू झालं, यूट्यूब, मग एक वीकेंड क्लास, मग आपलंच आपण शिवायचं आणि उसवायचं. आता इन्स्टावरून ऑर्डरी येतात, दिवाळीच्या आधी तर रात्रीचे दोन-दोन वाजतात. ए फाइव्हची कापडी बांधणीची डायरी साडेनऊशेला देते, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद घातला तर त्याहून जास्त. लोक घेतात, परत येऊन घेतात, दुसऱ्याला द्यायला पण घेतात.

मग रडतेस कशाला, असं नवराही विचारतो. तर होतं असं की पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा येतो, की हे लोक फसतायत आणि कधीतरी कुणाला तरी कळणार. एखादीने खूप छान लिहिलं तर वाटतं हिने चांगलं बाइंडिंग कधी बघितलंच नसेल. एखादी डायरी खरंच मनासारखी झाली तर वाटतं ही चुकून झाली. गेल्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात स्टॉल होता, तिथे एक आजोबा आले, माझी डायरी उचलली, आतल्या कागदाकडे बघितलंच नाही, कणा उजेडात धरून बघत राहिले, मग मधोमध उघडली, अंगठ्याने दाबली, टेबलावर आडवी ठेवून वरून टिचकी मारली आणि पुढच्या स्टॉलवर गेले. एक शब्द नाही. माझी संध्याकाळ खलास. त्या दिवशी विक्री उत्तम झाली होती, पण लक्षात काय राहिलं तर आजोबा.

आता ताजं संकट. कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेवाल्यांनी वर्कशॉप घ्यायला बोलावलंय, माणशी अठराशे रुपये, आणि त्यांनी पोस्टरच करून पाठवलं, ‘पुस्तकबांधणीची पारंपरिक कला, शिकवणार बुक आर्टिस्ट अमुक तमुक’. पारंपरिक! मी साखळी टाका परदेशातल्या एका बाईच्या व्हिडिओवरून शिकलेय, आमच्या घराण्यात कुणी सुईत दोरा ओवला असेल तर तो शर्टाचं बटण लावायला. आणि आर्टिस्ट हे वाचून तर लॅपटॉपच मिटून टाकला. अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

तर प्रश्न असा की तुमच्यापैकी जे हाताने काही करतात, मातीकाम, लाकूड, विणकाम, दागिने, काहीही, त्यांना हे होतं का, जातं का, आणि जात नसेल तर त्याच्यासकट काम कसं करता? ‘तू भारी आहेस, स्वतःवर विश्वास ठेव’ हे कृपया नको, ते घरी मिळतं.


चाकावरची

होतं. जातं का, तर माझं तरी गेलेलं नाही, फक्त त्याची येण्याची वेळ ठरून गेलीये, भट्टी उघडायच्या आदल्या रात्री हमखास.

मी स्टोनवेअर करते. मातीकामात एक बरं आहे की भट्टी कुणाची भीडभाड ठेवत नाही. पहिलं भाजणं हजार डिग्रीच्या आसपास, मग ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, लावून परत बाराशेच्या वर, आणि त्यानंतर ती आपोआप थंड होईपर्यंत हात चोळत बसायचं, घाईने झाकण उघडलं तर भांडी तडकतात. त्या वेळात डोक्यात जे काही चालतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. उघडल्यावर मात्र जे आहे ते समोर असतं, ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटलं तर चिकटलं, मग मी आर्ट कॉलेजची आहे की बीकॉम याने काही फरक पडत नाही. (बीकॉमच आहे.)

मला कामाला आलेली गोष्ट सांगते. एक रजिस्टर आहे माझं, ग्लेझच्या टेस्टचं. कशाचं किती वजन, कुठल्या शेल्फवर ठेवलं होतं, काय निघालं. ‘कोबाल्ट एक टक्का, निळा अंगावर येतोय, अर्ध्यावर आण.’ असली वाक्यं, पानंच्या पानं. मन खायला लागलं की हे रजिस्टर उघडते, कारण त्यात माझ्याविषयी एक अक्षर नाही, सगळं ग्लेझविषयी आहे. आणि त्यात स्पष्ट दिसतं की लोकांना जो निळा आवडतो तो नशिबाने आलेला नाही, कितीदा तरी बिघडून मग आलाय. तू म्हणतेस ना चुकून चांगली झाली? मग लगेच लिहून ठेव काय केलं होतंस, दोरा किती ताणला, चिकटवायची खळ किती घट्ट होती, दाबाखाली किती वेळ होती, आणि पुढची अगदी तशीच करून बघ. परत तशीच झाली तर चुकून नव्हती, संपला विषय. नाही झाली तर निदान शोधायला काहीतरी मिळालं.

पोस्टर बदलून घे. ‘आर्टिस्ट’ काढा म्हणावं, दोन मिनिटांचं काम आहे त्यांचं. एवढ्यासाठी वर्कशॉप सोडू नकोस.


नाना_फडणीस_नव्हे

साडेनऊशेची वही. त्यात लिहायचं काय, मृत्युपत्र?

असो. खरोखर आत्मविश्वास नसलेला माणूस एका वहीचे साडेनऊशे मागत नाही, तेव्हा काळजी नसावी.


चाकावरची

नाना, तुम्ही दर धाग्यावर येऊन किंमत विचारता आणि घेत काहीच नाही.


शनिवारातला

आधी त्या आजोबांचं सांगतो, कारण ते काय बघत होते ते मला नेमकं माहितीये. माझे वडील हेच करतात, कुणाच्याही घरी, लग्नाच्या अल्बमलासुद्धा सोडत नाहीत. आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, शनिवार पेठेत, आप्पा बळवंत चौकातून चालत येण्यासारखं, आता मी बघतो म्हणजे मुख्यतः स्पायरल आणि लॅमिनेशन, पण वडिलांचं सगळं आयुष्य जुजबंदीत, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवून बांधण्यात, गेलं. व्यापाऱ्यांच्या खतावण्या, रोजमेळ, लायब्रऱ्यांचे मासिकांचे बांधीव अंक, आणि विद्यापीठाचे थीसिस, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं.

कणा उजेडात धरतात ते दोन फर्म्यांच्या मधून उजेड येतो का बघायला, शिवण सैल असली की येतो. मधोमध उघडून अंगठ्याने दाबतात ते वही सपाट पडते का बघायला, आणि कण्यातून कडकड आवाज आला तर समजायचं की शिवणीपेक्षा फेविकॉलवर जास्त भरवसा ठेवलाय. पुठ्ठा पानांच्या बाहेर तिन्ही बाजूंना सारखा आहे का, पुस्तीनाखाली, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवतात त्या कागदाखाली, हवा राहिलीये का, हे तर नुसतं हातात घेतल्यावरच कळतं. आणि टिचकी म्हणजे पुठ्ठा वाकलाय का ते बघणं, वाकला असेल तर टेबलावर डुगडुगतो. पुठ्ठा का वाकतो हे नव्या लोकांना बऱ्याचदा माहीत नसतं म्हणून लिहितो. मशीनच्या कागदाला आणि पुठ्ठ्याला ग्रेन असतो, म्हणजे तंतू एका दिशेने बसलेले असतात. खळीचं पाणी प्यायला की कागद त्या दिशेला आडवा फुगतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला ओढतो. म्हणून पानं, पुठ्ठा, पुस्तीन, तिन्हीचा ग्रेन कण्याला समांतर पाहिजे आणि पुठ्ठ्याला बाहेरून कापड चढवलं तर आतून तेवढीच ओढ देणारा कागद पाहिजे. एक जरी आडवा गेला तरी पहिल्या पावसाळ्यात कळतं. हातकागदाला हा त्रास जवळजवळ नाही, त्यात तंतू सगळ्या दिशांनी पडलेले असतात.

तर आजोबांनी एवढं सगळं बघितलं आणि गप्प पुढे गेले. आमच्या धंद्यातला माणूस बिघडलेलं काम बघून गप्प बसूच शकत नाही हो. गप्प राहिले म्हणजे पास.

आता दुसरं, जरा कडू लागेल. वडिलांना नगावर पैसे मिळायचे. थीसिसच्या सीझनला पोरं दारात उभी, गाइडची सही उद्या, काका आजच्या आज द्या, आणि वर दहा रुपये कमी करा. रात्री जेवताना हाताला खळीचा वास, त्यात मोरचूद घालतात किडे लागू नयेत म्हणून, आई म्हणायची आधी दोनदा हात धुवा. त्यांना आयुष्यात कुणी आर्टिस्ट म्हटलं नाही आणि आपण फ्रॉड आहोत असंही त्यांना कधी वाटलं नाही, ते वाटायला जी फुरसत लागते ती नव्हती. तुमची पोस्ट वाचून खरं सांगतो आधी रागच आला. मग परत वाचली. मला असं वाटतंय की तुम्हाला लाज कामाची नाही वाटत, दराची वाटते. तुम्हाला आतून माहितीये की अशीच शिवण पेठेत याच्या पाव किमतीत होते आणि फरकाचा मोठा हिस्सा शिवणीत नाही, फोटोत आणि पत्त्यात आहे. ही बोच खोटी नाही, तिला इम्पोस्टर सिंड्रोमबिंड्रोम म्हणून झटकू नका. पण म्हणून दर खाली आणाल तर तेही करू नका, त्याने तुमची बोच जाणार नाही आणि आमचं मात्र अजून मरण होईल, गिऱ्हाईक येऊन म्हणेल ती कोथरूडची बाई कापडी डायरी चारशेला देते, तुम्ही काय देताय.


ऐकणारी

शनिवारातला, तुमचा दुसरा भाग फार नेमका आहे, त्यावर येतेच.

मी समुपदेशक आहे, पुण्यातच प्रॅक्टिस. काम चांगलं होऊनही आपण लोकांना फसवतोय असं वाटत राहणं, ज्याला सगळे आज इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात, ते १९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं, दीडशेहून जास्त कर्तबगार बायकांशी केलेल्या कामावरून. आजार म्हणून त्यांनी ते मांडलं नव्हतं आणि आजही मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये ते नाही. पुढे पुरुषांमध्येही सर्रास दिसलं. किती जणांना होतं म्हणाल तर २०२० मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत आकडे आले, कुठली प्रश्नावली वापरली आणि रेघ कुठे ओढली त्यावर सगळं अवलंबून. म्हणजे ‘८० टक्के लोकांना असतं’ असं रील दिसलं तर त्यावर विश्वास न ठेवता पुढे जा.

क्लान्सने पुढे एक चक्र सांगितलं ते मात्र वहीवालीच्या पोस्टमध्ये जसंच्या तसं आहे. नवीन काम आलं की धास्ती. मग एकतर गरजेच्या तिप्पट तयारी नाहीतर शेवटच्या क्षणापर्यंत टाळाटाळ. काम होतं, लोक छान म्हणतात. तिप्पट तयारी केली असेल तर मन म्हणतं एवढी मरमर केली म्हणून झालं, यात माझं कौशल्य काय, आणि टाळाटाळ केली असेल तर म्हणतं नशिबाने निभावलं. दोन्हीकडून कौतुक आत शिरत नाही. त्यामुळे अजून कौतुक हा त्यावरचा उपाय नाही, हे तुम्हालाच बरोबर कळलंय, म्हणून तुम्ही ‘ते घरी मिळतं’ असं लिहिलंत.

सेशनमध्ये मी लोकांना एक करायला सांगते, दोन गोष्टी वेगळ्या कागदांवर लिहायच्या. एकावर फक्त तपासता येतील अशा, शिवण घट्ट आहे का, वही सपाट उघडते का, वेळेत पोचली का. दुसऱ्यावर जे तपासता येत नाही ते, मी खरी कारागीर आहे का, मला हक्क आहे का. दुसऱ्या कागदावरच्या प्रश्नांना उत्तर नसतं, आणि बहुतेक सगळी रात्र त्याच कागदावर जाते. शनिवारातला यांनी जो दराचा मुद्दा काढला तो तिसऱ्या कागदावरचा आहे, तो मनाचा नाहीच, बाजाराचा आहे, तो थेरपीत सुटत नाही आणि सुटेल असं कुणी सांगितलं तर त्यांची फी विचारा.

एक मात्र, झोप सलग उडत असेल, छातीत धडधडून ऑर्डरी नाकारल्या जात असतील तर प्रत्यक्ष कुणाशी तरी बोला, धागा पुरायचा नाही.


वहीवाली

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांना धन्यवाद, नाना तुम्हालाही, मृत्युपत्राची वही वेगळी करून देईन, लाल कापडात.

शनिवारातला, तुमची पोस्ट वाचून उठले आणि घरात तयार होत्या तेवढ्या सगळ्या डायऱ्या टेबलावर ठेवून टिचक्या मारल्या. एकही हलली नाही. आणि मजा बघा, पहिला विचार काय आला तर आपलं टेबलच वाकडं असेल. फरशीवर ठेवून परत मारल्या. नवरा बघत होता, काही बोलला नाही, पण बघत होता. ऐकणारी, तुम्ही म्हणताय ते हेच ना?

दराचं तुम्ही बोललात ते लागलं, पण खरं आहे. मी हिशोब मांडला बसून, पेरोलवाली आहे शेवटी. एका डायरीला कागद, पुठ्ठा, कापड, मेण लावलेला दोरा धरून अडीचशे ते तीनशे जातात. कुरियरचा डबा आणि बबल रॅप वेगळा. वाळायचा वेळ सोडून माझ्या हाताचे चार तास. म्हणजे तासाला दीडशेच्या आसपास पडतात, त्यात फोटो, मेसेज, ‘थोडं कमी होईल का ताई’ हे धरलेलंच नाही. म्हणजे मी कुणाला लुटत नाहीये हे कागदावर दिसतंय. पण तुमच्या वडिलांना तासाला किती पडायचे हा विचार आला आणि मग झोप नाही लागली, वेगळ्या कारणाने.

एक गोष्ट अजून टोचते, ती ‘पारंपरिक’. ती कशी गिळू?


जुनंपानं

पारंपरिक गिळायची गरजच नाही, जरा इतिहास बघा. आपल्याकडच्या पोथ्या सुट्या पानांच्या, वर-खाली लाकडी पाट्या आणि सगळं कापडात गुंडाळलेलं. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन जुनी हस्तलिखितं बघितलीत तर कळेल. पेशवे दफ्तरातले मोडी कागद तर रुमालात बांधलेले असतात, आजही त्यांची मोजणी रुमालावर चालते. शिवून पाठीला कणा करायचा ही रीत आपल्याकडे आली ती इस्लामी ग्रंथांबरोबर आणि मग घरोघर पोचली ती इंग्रजी अमदानीतल्या छापखान्यांमुळे आणि सरकारी दप्तरांमुळे. म्हणजे शनिवारातला यांच्या घराण्यातसुद्धा कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा एखाद्या प्रेसमध्ये उभं राहून ते बघून शिकलंच असणार. तुमचा साखळी टाका तर इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांचा, दीड हजार वर्षांहून जुना, तो व्हिडिओतल्या बाईच्याही आजीचा नाही. सगळ्यांनी कुणाचं तरी बघूनच घेतलंय. पोस्टरवर सरळ ‘शिवून वही बांधायला शिका’ असं लिहा.

पण मला वेगळंच म्हणायचं होतं. माझा नाद जुन्या भांड्यांचा, त्यामुळे कसब्यात तांबट आळीत पाय घासलेले आहेत. तिथे दहा मिनिटं उभं राहिलात तर आवाजाने डोकं उठेल, पण बघा, काम दारातच चालतं. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, मग लालसर तापवून मऊ करून परत ठोकायचं, आणि शेवटी मठारकाम, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके, पूर्ण भांडंभर. एक ठोका रांग सोडून पडला तर शेजारच्याला दिसतो. आणि तो बोलतो, मान वर न करता बोलतो. लहानपणापासून असं बोलून घेत घेत हात बसतो, आणि एक दिवस कुणी काही बोलत नाही, तेव्हा तुम्ही कारागीर झालात, सर्टिफिकेट वगैरे भानगड नाही. तुम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजता एकट्या शिवताय, बघणारं कोण? गिऱ्हाईक. त्याला कळत नाही, तो म्हणतो सुंदर. नवऱ्याला कळत नाही, तो म्हणतो सुंदर. इन्स्टावर दुसऱ्यांची तयार झालेली कामं दिसतात, त्यांची फाडलेली कामं दिसत नाहीत. मग तुमच्या कामाला ‘चाललं’ म्हणणारं कुणी उरतच नाही आणि ते काम तुमच्या मनावर येऊन पडतं, आणि मनाला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला आत्मविश्वासाची कमतरता आहे असं मला अजिबात वाटत नाही, शेजारी बसून नावं ठेवणारा माणूस नाहीये तुमच्याकडे.

जाता जाता, केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते बघून या. पितळेचे, लोखंडी, घोड्याचे, मोराचे, बायकांच्या आकाराचे, सुपारी कातरायच्या वस्तूवर एवढं डोकं लावलंय. घडवणाऱ्याचं नाव मला तरी कुठे दिसलं नाही. तुम्हाला पोस्टरवर नाव कसं छापावं याची चिंता आहे, त्यांचा तो प्रश्नच नव्हता. हे चांगलं होतं असं म्हणत नाही मी, त्यांची नावं असायला हवी होती.


चाकावरची

जुनंपानं, हे एकटं काम करायचं अगदी खरं. आमच्यात दोघी-तिघी भट्टी शेअर करतात, ती शेअर करण्यामागे वीजबिल आहे असं आम्ही सांगतो, पण खरी गोष्ट ही की भट्टी उघडताना कुणीतरी शेजारी लागतं जे म्हणेल ‘हा कप टाक, हा ठेव, आणि या वाडग्याचा पाय जाड झालाय, अजून तासायला हवा होता.’ मैत्रिणीने पाय जाड म्हटल्यावर राग येतो. पण रात्री झोप लागते.


शनिवारातला

वहीवाली ताई, तासाचा हिशोब वाचला. आता मलाच तुमच्या दराबद्दल बोलायला जीभ वळत नाहीये, दीडशेत आमच्याकडे लॅमिनेशनचा पोरगा पण टिकत नाही.

वडिलांना तुमचा धागा वाचून दाखवला, म्हणजे आजोबांचा भाग. ते म्हणाले, ‘कण्याला जाळी लावते का विचार.’ तर, लावता का? आणि असं करा, एक डायरी घेऊन दुकानात या, सकाळी अकराच्या आधी किंवा पाचच्या नंतर, मधे ते झोपतात आणि दुकानही बंद असतं. पत्ता मेसेज करतो. ते नावं ठेवणार हे आधीच सांगतो, गोड बोलायची सवय नाही, मला बारावीचा निकाल लागला तेव्हा ‘बरं’ म्हणाले होते.


वहीवाली

जाळी लावते, मलमलीची, सुती. येते, नक्की येते. दोन आणते, एक हातकागदाची आणि एक मिलच्या कागदाची.

आणि एक विचारू का, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. कॅफेवाल्यांना कळवलं की पोस्टर बदला, आर्टिस्ट नको, पारंपरिक नको, ते हो म्हणाले, जरा नाराज होते कारण डिझाइन झालं होतं. फक्त जुजबंदी शिकवणार, एक फर्म्याची छोटी वही आणि मग तीन फर्म्यांची, बास. तर तुमचे वडील त्या दिवशी तासभर येतील का? शिकवायला नाही, नुसते बसायला, लोकांच्या वह्या बघायला. अर्थात मानधन देऊन, माझ्या फीमधला अर्धा भाग, हे नीट ठरवून. तुम्ही रागावू नका, मी त्यांना शोभेला बसवत नाहीये, मला खरंच बघणारं कुणीतरी हवंय.


नाना_फडणीस_नव्हे

कोरेगाव पार्कात पार्किंग मिळत नाही. त्यांना रिक्षाचे पैसे वेगळे द्या.


शनिवारातला

विचारलं. एकदम नाही म्हणाले नाहीत. आधी तुमची डायरी बघतो मग सांगतो म्हणाले, म्हणजे तुमचीच परीक्षा आहे, तयारीने या. यायचं ठरलं तर अटी अशा: मानधन त्याच दिवशी रोख, नंतर जीपे करते वगैरे नको, त्यांच्या फोनवर ते नाही. रिक्षा दोन्ही वेळची, नाना बरोबर बोलले. खुर्ची हात असलेली, कॅफेतलं ते उंच स्टूल चालणार नाही, गुडघे आहेत. माइक हातात देऊ नका आणि ‘आपल्यामध्ये आज उपस्थित आहेत’ असलं भाषण करू नका, उठून निघून येतील. सुई त्यांची ते आणतील, दुसऱ्याच्या सुईने शिवत नाहीत. आणि मैद्याची खळ त्याच सकाळी शिजवा, आदल्या दिवशीची नको, पातळ झालेली असेल तर ते सगळ्यांसमोर सांगतील.